मुंगीने बोट दाखवलं

७ मार्च

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझा दादा ते तुझ्या हातात देईल एवढा माझा त्याच्यावर विश्वास आहे, आणि बंद पाकीट फोडल्याशिवाय तुला चैन पडत नाही हेही मला ठाऊक आहे.

आधी महत्त्वाचं. मुंगी बरी आहे. जेवते, झोपते. अजूनही भिंतीला खांदा लावूनच चालते, त्यामुळे तिचं टोपणनाव बदलायची वेळ आलेली नाही. कानांची तपासणी करून आणली. ऐकू चांगलं येतं. म्हणजे आपण मारलेली हाक तिच्यापर्यंत पोचते, आणि पोचूनही ती वळत नाही. डोळ्यांचं तर मीच सांगू शकतो. इतकी वर्षं लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतोय, कुणाला दिसतंय आणि कुणाला नाही हे मला माणूस दुकानाची पायरी चढतानाच कळतं. मुंगीला लख्ख दिसतं.

बालविकास केंद्रातून आता एक ताई घरी येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. अडीच वर्षांचं मूल बोलत नाही, बोट दाखवत नाही, नावाला वळत नाही, तर मोठं होईपर्यंत थांबायचं नाही, आत्ताच हाताशी धरायचं, असं त्यांचं म्हणणं. "बोलेल हो उशिरा, काही मुलं असतातच तशी" असं म्हणणाऱ्या सगळ्यांना मी आता हेच ऐकवतो. वरच्या मजल्यावरच्या मावशींनाही ऐकवलं. मी दुकानात असतो तेव्हा मुंगीला त्याच सांभाळतात, म्हणून जरा जपून ऐकवलं.

ताई खेळणी फार आणत नाहीत. आल्या की चपला काढतात आणि सरळ फरशीवर पालथ्या पडतात, मुंगीच्या उंचीवर. पहिल्या दिवशी मला वाटलं बाईंना चक्कर आली. मला म्हणाल्या, "तुम्ही तिला सारखं तुमच्याकडे बघायला लावता. त्यापेक्षा ती जिकडे बघते तिकडे तुम्ही जा."

आता तुझं. जाताना तू म्हणालीस की मुंगी तुझ्याकडे बघत नाही, तुझ्या मागे बघते, मागे कुणीतरी आहे आणि तिला तेवढं पुरतं, आई लागत नाही. मी ताईंना विचारलं, तुझा उल्लेख न करता. त्या म्हणाल्या, अशी पुष्कळ मुलं चेहऱ्यापेक्षा वस्तूंच्या कडांकडे बघतात. दाराची चौकट, पंख्याचं पातं, खिडकीचा गज. चेहरा सारखा हलतो, तो त्यांना जड जातो. झालं. एवढंच होतं ते.

तरी मी पॅसेजच्या टोकाच्या अडगळीच्या खोलीत जाऊन बघून आलो. जुनी गादी, मुंगीचा पाळणा, माझी सायकल. दुसरं काही नाही.

तू ये.

मुंगीचा बाबा

२३ मार्च

उत्तर नाही आलं. हरकत नाही, मी लिहीत राहतो.

ताईंनी चेंडूचा खेळ सुरू केलाय. लाल, मऊ, संत्र्याएवढा चेंडू. आपण तो मुंगीकडे घरंगळत सोडायचा, "तुझी पाळी" म्हणायचं आणि थांबायचं. "मी, मग तू. मी, मग तू. बोलणं म्हणजे तरी दुसरं काय असतं?" असं त्या म्हणतात. आणि थांबायचं म्हणजे खरोखर थांबायचं. मी दर वेळी घाई करून चेंडू उचलायला जातो, तर मला दटावलं. "तुम्हाला अवघडल्यासारखं होईपर्यंत थांबा. मग अजून थोडं थांबा. या मुलांना उत्तर असतं, ते वर यायला वेळ लागतो."

थांबलो. मुंगीने चेंडू हातात घेतला, उलटापालटा केला, चाटला. मग आमच्याकडे पाठ करून पॅसेजमध्ये सोडून दिला. चेंडू गेला अडगळीच्या खोलीत. तिथे दार नाही, आठवतं ना, बिजागऱ्या तुटल्यावर मीच काढून टाकलं होतं. थोड्या वेळाने चेंडू हळूहळू परत आला आणि अर्ध्या वाटेवर थांबला. मुंगी गेली, तो उचलला, पुन्हा सोडला. पुन्हा तसंच. फरशीला उतार आहे, जुन्या इमारतीत असतो.

पण ती हसली. तिचं हसू तू कधी नीट ऐकलंस का? भरलेली बाटली उलटी केल्यावर पाणी गडबडत बाहेर येतं ना, तसं आहे. मी तिथेच बसून होतो आणि मला काय करावं सुचेना. ताई उठल्या आणि तिच्या शेजारी जाऊन बसल्या. म्हणाल्या, "पाळी घेते की ही. आपल्याशी नाही घेत, पण घेते."

केंद्राच्या कागदावर त्यांनी ही प्रगती म्हणून लिहिली. मी सहीसुद्धा केली.

१६ एप्रिल

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "मुंगीला इकडे आणून सोड, त्या घरात ठेवू नकोस."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. ती इथे शिकतेय. ताईंना तिची सवय झालीय, तिला ताईंची. एवढं बसलेलं बस्तान मोडून तिला गाडीत घालायचं, का, तर तुला पॅसेजची भीती वाटते. म्हणून लिहिलं नाही. आज लिहितोय कारण तुझ्याशिवाय सांगणार कुणाला.

मुंगीने बोट दाखवलं.

हे किती मोठं आहे ते ताईंनी मला आधीच समजावलं होतं. काही हवं म्हणून बोट करणं वेगळं. ते आपला हात ओढूनही भागतं. पण "बघ" म्हणून बोट करणं वेगळं. समोरच्यालाही डोळे आहेत, त्याच्याही डोक्यात काही चालतं, आपल्याला दिसलेलं त्यालाही दिसावं, हे कळल्याशिवाय कुणी बोट दाखवत नाही. महिनाभर आम्ही दोघं येड्यासारखी सगळ्या घराला बोटं दाखवत होतो. घड्याळ बघ, कावळा बघ, बादली बघ. ती आमच्या बोटाच्या टोकाकडे बघायची आणि निघून जायची.

शुक्रवारी दुपारी मी पॅसेजकडे पाठ करून बसलो होतो, एका फ्रेमची दांडी बसवत. ताई माझ्यासमोर साबणाचे फुगे काढत होत्या. मुंगी आली, माझी बाही धरली आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे बोट दाखवलं. मग माझ्या हनुवटीकडे बघितलं. मग पुन्हा तिकडे. पुन्हा हनुवटी. ताईंनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते. "वळून बघा," त्या कुजबुजल्या. "बघा, आणि नाव सांगा. ती तुमच्यासाठी थांबलीये."

मी वळलो. पॅसेज. अर्ध्यापर्यंत दुपारचं ऊन, पुढे सावली. "खोली," मी म्हटलं. बोट तसंच. "गादी," म्हटलं. "सायकल." बोट खाली येईना. तिचा हात थरथरायला लागला होता, एवढा वेळ धरून. मग तिने तो टाकला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागली. शांत करायला सगळी दुपार गेली.

जाताना ताई म्हणाल्या, "तुम्ही नाव चुकीचं सांगितलंत."

"मग बरोबर काय होतं?"

त्या चपला घालून जिना उतरल्या. फुगे काढताना त्यांचं तोंड पॅसेजकडे होतं हे मला त्या गेल्यावर आठवलं.

आता एक राहिलेलं. उताराचं मी तुला लिहिलं होतं. गेल्या आठवड्यात खाली डागडुजी करणाऱ्या गवंड्याकडून मी पाणसळ मागून आणली, ती काचेतल्या बुडबुड्याची पट्टी. पॅसेजमध्ये तीन ठिकाणी ठेवून बघितली. फरशीला उतार आहेच. पण तो खोलीच्या दिशेने आहे. चेंडू परत यायचा तर त्याला चढावं लागतं.

कागदावर लिहिलं की एवढं वाईट दिसत नाही.

४ मे

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दुसऱ्यात तू विचारलंस की घरमालकाशी बोललास का. बोललो. मलाही वाटलं होतं की तो घसा खाकरून काहीतरी जुनी हकीकत सांगेल. तसलं काही नाही. आपण यायच्या आधी ही जागा कागदाचं गोदाम होती, त्याआधी कारकुनांचं ऑफिस. मूल या जागेत आपलंच पहिलं. "का, पोरगी त्रास देते का शेजाऱ्यांना?" एवढंच त्याने विचारलं.

गेल्या आठवड्यात मी नाव सांगितलं.

मुंगीने पुन्हा बोट दाखवलं. ती तेव्हा रोजच दाखवायची, आणि रोज मी चुकायचो, आणि रोज भिंत. त्या दिवशी मी दमलो होतो. काम करून नाही, चुकून चुकून. ती उभी, हात लांब केलेला, तोंड रडण्याच्या बेतात. मी वळून नीट बघितलं आणि म्हटलं, "हो गं. तिथे कुणीतरी आहे."

तिने हात खाली केला. आणि माझ्याकडे बघितलं. हनुवटीकडे नाही. डोळ्यांत. मी जन्मभर लोकांचे डोळे जवळून बघत आलोय, पण आपल्याकडे कुणी बघतंय म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. तिने माझ्या गालावर थाप मारली, जशी तू शिवून झालेल्या कपड्यावर मारतेस, झालं म्हणून.

तेव्हापासून ती बदललीय. मावशींच्या चपला आणून दाखवते, चमचा दाखवते, स्वतःचं पोट दाखवते. नावाला वळते. पाणी हवं असलं की "पा" म्हणते. ताई म्हणतात की बांध फुटावा तसं झालंय.

त्याच ताईंनी आज चपला घालता घालता मला विचारलं, "सुरुवातीला चेंडू अर्ध्यातच थांबायचा, लक्षात आहे?"

"आहे."

"मग हळूहळू दिवाणापर्यंत यायला लागला. आता थेट तिच्या हातात येतो."

"शिकतेय ती," मी म्हटलं.

"ती टाकायला शिकली. परत पाठवायला कोण शिकलं?"

त्या चपलेचा पट्टा लावत राहिल्या, लागला होता तरी. "मला या कामाची सवय आहे. शिकणारं मूल कसं चाचपडतं, कुठे अडतं, आज आलेलं उद्या कसं विसरतं, मला लांबून कळतं. तिकडे जे आहे तेही शिकतंय. आणि मुंगीपेक्षा मागे आहे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. शुक्रवारी येते." आणि जिन्यात वळून म्हणाल्या, "आता खंड पडला तर मुलाचं नुकसान होतं." कुठल्या मुलाचं ते मी विचारलं नाही.

२८ मे

हे पत्र मिळेल तेव्हा बॅग भरायला घे. ये आणि मुंगीला घेऊन जा.

आज दुपारी ती सापडेना. हाका मारल्या, वर मावशींकडे बघितलं, जिना, गच्ची. इमारतीतली दोनचार माणसंही शोधायला लागली. मी अडगळीच्या खोलीत दोनदा डोकावलो होतो, तिथे ती नव्हती. हे मी शपथेवर सांगेन. तिसऱ्यांदा गेलो तर होती. तिच्या जुन्या पाळण्यात. तो तिला केव्हाच लहान झालाय, पाय दुमडून, अंग चोरून एका कडेला बसली होती. दुसरी कडा रिकामी ठेवून. तोंडाने बडबड चालली होती, अर्थ नसलेली, पण थांबून थांबून. एक वाक्य बोलायची, मग मान कलती करून ऐकायची, मग पुन्हा. मी, मग तू.

मी तिला उचललं तर तिने आरडाओरडा केला नाही. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिली. तिचा एक हात बर्फासारखा गार होता. एकच.

तिला काही दुखापत झालेली नाही. कुणी तिचं वाईट केलेलं नाही. पण उद्या मी चौथ्यांदा डोकावलो आणि ती नसली तर?

तुझंच बरोबर होतं एवढंच लिहितो. ये.

२० जून

पोचल्याचा दादाचा निरोप मिळाला. मुंगीने प्रवासात त्रास दिला नाही हे वाचून बरं वाटलं.

तू उंबरा ओलांडला नाहीस त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. दारात उभी होतीस, पिशवी छातीशी धरून, आणि मला वाटत होतं की मुंगी तुला ओळखणार नाही. ती खोलीच्या मध्यातून आली. भिंत सोडून. तू ते बघितलंस की नाही कोण जाणे, तू रडत होतीस. तिने तुझ्याकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघून थांबली. मी म्हटलं, "आई." मग ती तुझ्याकडे बघत राहिली. तुझ्याकडेच, मागे नाही. त्या क्षणी तुझा चेहरा जसा होता तसा मी आपल्या लग्नातही बघितला नव्हता.

ताईंनी तुमच्या गावातल्या केंद्राशी बोलून ठेवलंय. तिथल्या बाई घरी येणार नाहीत, तुलाच न्यावं लागेल. ने. एकही खेप चुकवू नकोस. आणि तिने बोट दाखवलं की बघायचं, नाव सांगायचं.

एक सांगायचं राहिलं. निघताना गाडीत बसल्यावर मुंगीने वर आपल्या खिडकीकडे बघून हात हलवला. तू म्हणालीस, "अगंबाई, बाबाला टाटा करतेय, हेही शिकली." मी हसलो. पण मी वर नव्हतो गं. मी खाली, गाडीच्या मागे, सामान चढवत होतो.

दुकानाच्या मालकाला माझ्या जागी माणूस मिळाला की घर सोडून येतो. पंधरा दिवस धर.

घर फार शांत आहे. मंगळवारी, ताई यायच्या त्या वेळेला, मी दिवाणावर पडलो होतो. चेंडू पॅसेजमधून आला. अर्ध्या वाटेवर थांबला. मी नुसता बघत राहिलो. शुक्रवारी पुन्हा आला, आणि तितकाही नाही आला, खोलीच्या तोंडाशीच अडला. ताईंनी सांगितलं होतं ना, खंड पडला की मूल मागे जातं.

मी उठून खाली बसलो. चेंडू उचलला आणि सोडला. "तुझी पाळी," म्हटलं. नुसताच कसा बसू.

१८ जुलै

मुंगी "आई" म्हणाली. तुझं पत्र मी जिन्यात उभं राहून वाचलं, मग वर जाऊन मावशींना वाचून दाखवलं, मग दुकानात गिऱ्हाईकांनासुद्धा. एका आजोबांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना मोतीबिंदू आहे, पण मी ते माझ्याच खात्यावर धरलं.

"बाबा" कधी म्हणेल विचारू नकोस तिला. येईल तेव्हा येईल. घाई करायची नाही.

मी अजून का आलो नाही असं तू विचारलंस. माणूस मिळाला होता. पण नवखा आहे, काचा तडकवतो. त्याला जरा तयार करून मग येतो.

ताई परवा येऊन गेल्या, खेळण्यांची पेटी न्यायला. मी त्यांना आत बोलावलं नव्हतं, त्याच आल्या, आणि सवयीने खाली बसल्या. मी चेंडू पॅसेजमध्ये सोडला. आम्ही दोघं थांबलो. चांगलंच थांबलो. चेंडू दिवाणापर्यंत आला.

"तुम्ही करता होय हे, रोज?" ताईंनी विचारलं.

"दुसरं कोण करणार?"

"तुमची मुलगी तिकडे आहे."

"तिला तिची आई आहे. मामा आहे. केंद्र आहे. तुम्हीच म्हणाला होतात, या वयात जो हात धरेल तोच. नंतर कुणी कितीही धरला तरी..."

"हे वय कुठलं? तुम्हाला माहीत आहे का?" त्या पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलल्या. "मला केंद्रात नाव नोंदवावं लागतं. जन्मतारीख लागते. पालकाची सही लागते. मी काय लिहू?"

"सही मी करतो," मी म्हटलं. गंमत म्हणून म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

त्यांनी पेटी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "जा तुम्ही. ऐका माझं. मूल शिकलं की जवळ येतं, मग त्याला सोडून जाणं अवघड होतं. मलाही दर वेळी होतं. पण मी संध्याकाळी माझ्या घरी जाते." पेटी उचलून निघाल्या. जिन्यात थांबल्या, साबणाच्या फुग्यांची बाटली आणि लाकडी ठोकळे काढून पायरीवर ठेवले आणि मागे न बघता उतरल्या.

फोनवर हे तुला सांगता येत नाही. मागे मुंगीचा आवाज येतो आणि मी विसरतो काय बोलायचं होतं ते.

९ सप्टेंबर

तुझी पत्रं येतात, सगळी वाचतो. शेवटचं दोनदा वाचलं. मुंगी दाराकडे बोट दाखवते आणि तुझ्याकडे बघून थांबते, आणि तुला "बाबा" असं नाव सांगावं लागतं, आणि मग दोघी दाराकडे बघत बसता. असं लिहू नकोस. किंवा लिही. मला कळत नाही.

दादाने स्वतः येऊन मला घेऊन जायची धमकी दिली आहे. त्याला म्हणावं यायची गरज नाही. मी आजारी नाही. जेवतो. दुकान सोडलंय खरं, पण दुपारच्या वेळेला मधूनच उठून यावं लागायचं, मालकाला ते परवडेना, आणि त्याचंही बरोबर आहे. काचा घरी आणून घासतो.

मी तुला फसवलेलं नाही. पंधरा दिवस म्हणालो तेव्हा पंधरा दिवसच मनात होते. पण तू विचार कर. कुणीच कधी त्याच्याकडे बघितलं नव्हतं. गोदामात कोण बघणार? आपली मुंगी आली, आणि तिलाच दिसलं, आणि ताई जे जे तिला शिकवत होत्या ते तिकडे बसून तेही शिकत होतं, जमेल तसं, अर्ध्या वाटेपर्यंत. आणि मग आपण शिकवणी उचलून घेऊन गेलो.

भीती वाटायची ती आता वाटत नाही. गार लागतं तेवढं. आधी खोलीतच असायचं. मग पॅसेजच्या सावलीत. जुलै संपता संपता उन्हाच्या कडेपर्यंत यायला लागलं. मी बोलावत नाही, ओढत नाही, पाठ करून बसतो आणि माझं काम करतो. ताईंची तीच पद्धत होती. परवा ठोकळे रचत होतो. दोन मी ठेवले आणि थांबलो. खूप वेळ थांबलो, पाय बधिर झाले. तिसरा ठोकळा माझ्या डोळ्यांदेखत उचलला गेला, हवेत डगमगला, आणि वर नीट बसला. मी टाळ्या वाजवल्या. मोठ्याने नाही, दचकतं.

आणि काल माझ्या गुडघ्यावर काहीतरी टेकलं. वजन नव्हतं म्हटलं तरी चालेल. मी हललो नाही. दिवेलागणीपर्यंत तसाच बसून होतो.

मला यायचंय. मुंगीला सांग बाबा येणार आहे. कधी ते सांगू नकोस, तारीख सांगितली की मुलं दारात बसून राहतात. हे जरा मार्गी लागलं, स्वतःचं स्वतः खेळायला लागलं, की निघतोच.

तोवर एक काम कर. मुंगीचे लाल बूट तिला आता लहान होत असतील. कुणाला देऊन टाकू नकोस, इकडे पाठव. सकाळी फरशी पुसली की ओलीवर पावलं उमटतात, त्यावरून मला मापाचा अंदाज आलाय. तेवढेच लागतील.

बाबा